पुलावरचा रखवालदार

मास्टर कवळ्या बनवायचा. दातांच्या डॉक्टरांकडून जबड्यांचे साचे यायचे, त्यांवर हा दात बसवायचा, हिरड्यांना रंग द्यायचा आणि त्याच बारीक ब्रशांनी फावल्या वेळात बोटभर उंचीचे सैनिक, चोर आणि राक्षस रंगवायचा. ते त्याच्या खेळातले. खेळ गोष्टीचा. टेबलाभोवती चारपाच माणसं बसतात, एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात, आणि कुणी म्हणालं की मी ही भिंत चढतो, तर ती चढता आली की पाय घसरला हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. गोष्ट सांगणारा तो मास्टर. बरीच वर्षं हेच करत आल्यामुळे त्याला घरीदारी सगळे मास्टरच म्हणत, आणि स्वारी त्यावर खूश होती.

त्याचा जुना कंपू मात्र पांगला होता. एकाची बदली झाली, एकीला जुळं झालं आणि तिसऱ्याला कंटाळा आला होता, पण तसं सांगायला तो लाजत होता. तेव्हा मास्टरने ठरवलं, आता सगळे नवे गडी घ्यायचे. ज्यांनी कधी फासा हातात धरलेला नाही असे.

नव्यांना घेऊन खेळ मांडणं हे लग्न जमवण्याइतकंच जिकिरीचं काम असतं. सगळ्यांची सुट्टी एका दिवशी यावी लागते. नियम सांगावे लागतात, पण इतके नाही की समोरच्याने जांभई द्यावी. मास्टरने जाडजूड नियमपुस्तक बाजूला ठेवून एका पानात मावेल एवढंच लिहून काढलं. पात्रं आयती तयार केली, नाहीतर नवा माणूस पात्र बनवता बनवताच दमतो. गोष्ट छोटी ठेवली. नदीवरचा पूल कुणीतरी रात्रीतून पाडला आहे, आळ एका गरीब गिरणीवाल्यावर आला आहे, आणि खरा गुन्हेगार सरदाराचाच माणूस आहे. वाटेत एक जंगल, एक किल्ला, शेवटी दरबार. आपल्या कवळ्यांच्या प्रयोगशाळेतलं लांब टेबल घासून पुसून त्याने त्यावर नकाशा मांडला आणि डोंगर म्हणून प्लास्टरचे टाकाऊ जबडे उलटे ठेवले. लांबून ते खरंच डोंगर वाटायचे.

आणि मग आवाज. मास्टरला गोष्टीतल्या प्रत्येक फुटकळ माणसाचा आवाज काढावा लागतो, आणि यात आपला हात धरणारं कुणी नाही अशी याची समजूत होती. सरदाराचा आवाज जमला, गिरणीवाल्याचा जमला, पण सगळ्यांत झकास जमला तो पुलावरच्या रखवालदाराचा. हा भित्रा माणूस. पूल कुणी पाडला ते त्याने डोळ्यांनी पाहिलेलं असतं, पण कुणी विचारलं की तो दोनदा खाकरतो, कुलपात किल्ली फिरवून कुलूप पुन्हा ओढून बघतो आणि म्हणतो, "तसं म्हटलं तर, मला नक्की आठवत नाही." मास्टर काम करता करता हे वाक्य घोळवायचा आणि एकटाच हसायचा.

आता हा आवाज त्याच्या डोक्यातून आलेला नव्हता. तो त्याच्या भावोजींचा होता.

भावोजी एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचे, आणि कुलूप लावलं की ते पुन्हा ओढून बघायचे. मागच्या वर्षी तिथून महागाचे सुटे भाग गायब झाले आणि आळ आला एका फिटरवर. हा फिटर त्यांच्या रोजच्या बैठकीतला, दुपारी दोघं एकत्र जेवायचे. ते भाग एका साहेबाच्या गाडीत चढताना भावोजींनी स्वतः पाहिले होते. चौकशीत त्यांना उभं केलं तेव्हा त्यांनी दोनदा खाकरून सांगितलं, की नक्की आठवत नाही. फिटरची नोकरी गेली. भावोजी घरी आले आणि त्या दिवसापासून खिडकीजवळच्या खुर्चीत बसले ते बसलेच. कामावर जायचे, परत यायचे, बसायचे.

हे सगळं मास्टरला ताईने फोनवर सांगितलं होतं. ताई चिडलेली होती. चिडलेल्या बायकोने नवऱ्याची नक्कल करावी तशी तिने ती केली, आणि फोनच्या दोन्ही टोकांना बहीणभाऊ हसले. मास्टर नुसता हसून थांबला असता तरी चाललं असतं. पण गोष्ट रचणाऱ्याला चांगली चीज दिसली की हात आवरत नाही. त्याने नक्कल उचलली, पुलावर नेऊन उभी केली, आणि भावोजी कुठे आपल्या खेळाला येणार आहेत म्हणून निश्चिंत झाला.

खेळ सुरू व्हायला आठवडा राहिला असताना ताईचा फोन आला. या वेळी ती चिडलेली नव्हती. म्हणाली, डॉक्टर सांगतात यांना माणसांत न्या. मी सिनेमाला चला म्हटलं, नको म्हणाले. बहिणीकडे जाऊन या म्हटलं, नको म्हणाले. काल मी सहज तुझ्या खेळाचं बोलले तर यांनीच विचारलं, त्यात काय करायचं असतं?

"घे ना रे यांना," ती म्हणाली. "वर्षात पहिल्यांदा कशाला तरी नको म्हणाले नाहीत."

मास्टरला रखवालदार आठवला. पण नाही कसं म्हणणार? आणि का नाही, हे कसं सांगणार? त्याने घेतो म्हटलं आणि फोन ठेवल्यावर मनाशी ठरवलं, की रखवालदार काढून टाकायचा. पूल राहू दे, त्यावर माणूसच नको.

पहिल्या बैठकीत फासे हातात घ्यायचे नसतात, नुसतं बोलायचं असतं. भावोजी आले, कोपऱ्यातली खुर्ची धरून बसले. बाकीचे दोघे मास्टरच्या कामातलेच. एक दातांच्या डॉक्टरीणबाई, ज्यांना लहानपणापासून चोर व्हायचं होतं. दुसरा साचे पोचवणारा पोरगेला गृहस्थ, ज्याला सगळे रॉकेट म्हणत, कारण त्याने आजवर एकही वस्तू वेळेवर पोचवलेली नव्हती. मास्टरने प्रत्येकाला विचारलं की गोष्टीत काय आलेलं आवडणार नाही. नव्यांना खेळवताना हे विचारायचंच असतं, म्हणजे कुणाच्या दुखऱ्या जागेवर पाय पडत नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, साप नको. रॉकेट म्हणाला, लहान मुलांना काही होता कामा नये. भावोजींनी थोडा विचार केला.

"माझं काही नाही," ते म्हणाले. "सगळं चालेल."

त्यांनी पात्र निवडलं ते ढालकऱ्याचं. हा गडी स्वतः फारसा मारत नाही, दुसऱ्यावरचा वार आपल्या ढालीवर घेतो.

पुढच्या सुट्टीला खेळ सुरू झाला. मास्टरने तयारी केली होती जंगलाची आणि किल्ल्याची. पण नवे खेळाडू कधी सांगितलेल्या वाटेने जातात का? रॉकेट म्हणाला, पूल पडला ना, मग आधी पूल बघू. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पुलावर कुणी पहारेकरी असेलच की, त्याला विचारू. मास्टर म्हणाला, कुणी नाहीये. त्या म्हणाल्या, एवढा मोठा पूल आणि कुणीच नाही? हेच संशयास्पद आहे. तिघेही पुढे झुकले, भावोजीसुद्धा. त्यांचा चेहरा खुललेला बघून मास्टरला वाटलं, आता अडवलं तर खेळ इथेच मरेल. तो म्हणाला, बरं, एक म्हातारा रखवालदार झोपडीतून बाहेर येतो. रॉकेटने विचारलं, काय बाबा, पूल कुणी पाडला?

मास्टरने तोंड उघडलं. त्या माणसासाठी त्याच्याकडे दुसरा आवाजच नव्हता. महिनाभर घोटलेला आवाज आपोआप बाहेर पडला. दोनदा खाकरणं, हवेत किल्ली फिरवणं, कुलूप ओढून बघणं आणि ते वाक्य, सगळं जसंच्या तसं.

डॉक्टरीणबाई पोट धरून हसल्या. रॉकेटने टाळ्या वाजवल्या. भावोजींकडे बघायची मास्टरची छाती होईना. शेवटी त्याने चोरून पाहिलं. भावोजी नकाशाकडे बघत होते. मग त्यांनी आपला ढालकरी उचलला आणि झोपडीसमोर ठेवला.

"याला आपल्याबरोबर घेऊ या," ते म्हणाले. "घाबरलाय तो."

मास्टरला हायसं वाटलं. कळलं नाही त्यांना. स्वतःचा आवाज स्वतःला ओळखू येत नाही म्हणतात, ते बरंच आहे, असं त्याने मनाला समजावलं. आणि पुढचे कितीतरी आठवडे तो दर सुट्टीला समोर बसून भावोजींची नक्कल भावोजींनाच करून दाखवत राहिला. करणार काय? नवे खेळाडू सरदाराला विसरतात, राजकन्येला विसरतात, पण असल्या एखाद्या किरकोळ माणसाला जीव लावतात. रखवालदाराला भूक लागली असेल का, त्याला थंडी वाजत असेल का, अशी चौकशी व्हायची. रॉकेटने त्याला आपली घोंगडी दिली. मास्टरने त्याला मारून टाकायचा प्रयत्नही केला. दरीत ढकलला, तर डॉक्टरीणबाईंनी दोर टाकला. लांडगे सोडले, तर ढालकरी मध्ये उभा राहिला, आणि फासाही असा नतद्रष्ट की दर वेळी भावोजींच्या बाजूने पडायचा. रखवालदार जगला. मास्टर दर वेळी मेल्याहून मेल्यासारखा व्हायचा.

सगळ्यांत वाईट म्हणजे भावोजी सुधारत होते. ते आता खुर्चीत बसून राहत नव्हते. रॉकेटशी फोनवर पुढचे डाव आखत होते. ताई म्हणाली, काल जेवताना आपणहून बोलले, लांडग्यांबद्दल. तिने मास्टरचे आभार मानले तेव्हा त्याला कुठे तोंड लपवू असं झालं.

मग एकदा ती त्यांना न्यायला आली आणि बाहेरच्या खोलीत थांबली. आत रखवालदाराची पाळी चालू होती. मास्टरने मान वर केली तेव्हा ताई दारात उभी होती. भावोजी हात धुवायला गेल्यावर तिने त्याला कोपऱ्यात घेतलं.

"कुणाचा आवाज आहे तो?"

"कुणाचा नाही. असाच."

"मी त्या आवाजाबरोबर संसार करतेय," ताई म्हणाली. "मला शिकवू नकोस."

मास्टरने खाली पाहिलं. त्याने सगळं सांगितलं, काढून टाकणार होतो, तोंडातून निघून गेलं, आता थांबवता येत नाही. ताई ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. तिचे डोळे भरले. म्हणाली, तुला काय बोलू, ती नक्कल मीच तर केली होती, आणि तुझ्याबरोबर हसलेही होते. तिने एकच बजावलं, की यांना कळता कामा नये. कळलं तर पुन्हा खुर्चीत बसतील आणि मग उठणार नाहीत. दोघं बहीणभाऊ लहानपणी काच फोडल्यावर उभे राहायचे तसे खालमानेने उभे राहिले, तोवर भावोजी हात पुसत आले आणि चला म्हणाले.

मास्टरने मग गोष्टीचा शेवट बदलला. आधी ठरलं होतं की दरबारात रखवालदार तेच वाक्य म्हणतो, सगळे हसतात, आणि गिरणीवाल्याला हद्दपार करतात. आता रखवालदार छाती काढून खरं बोलणार होता. गिरणीवाला सुटणार होता. त्याने त्यासाठी सुरेख भाषणही रचलं. आपण केलेल्या घाणीवर असं अत्तर शिंपडलं की भागेल, अशी त्याची भाबडी कल्पना होती.

शेवटच्या बैठकीला सगळे वेळेवर आले, रॉकेटसुद्धा. दरबार भरला. सरदाराने विचारलं, बोल रखवालदारा, पूल कुणी पाडला? मास्टर उभा राहिला, आवाज खणखणीत केला आणि भाषण सुरू केलं.

"थांब," भावोजी म्हणाले. "तो असं बोलणार नाही."

मास्टर म्हणाला, माणूस बदलतो, भावोजी. इतके दिवस तुमच्या सोबतीत राहिला, धीट झाला.

"नाही झाला. लांडग्यांत मी त्याच्यापुढे उभा होतो. तो माझ्या मागे होता." त्यांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले. "त्याला सरदार विचारतोय. तो काय म्हणेल ते मला माहीत आहे."

आणि ते दोनदा खाकरले. डॉक्टरीणबाई सवयीने हसायला लागल्या आणि मध्येच थांबल्या. कारण आवाज तोच होता, पण तो आता नक्कल राहिला नव्हता.

"तसं म्हटलं तर, मला नक्की आठवत नाही."

रॉकेट एकदा मास्टरकडे आणि एकदा भावोजींकडे बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावरून कळत होतं की त्याला कळलं आहे, आणि आपण वाजवलेल्या टाळ्या त्याला आठवत आहेत.

मास्टर कसाबसा म्हणाला, भावोजी, मी तुम्हाला... तुम्ही यायच्या आधी ठरलं होतं ते...

"पहिल्याच दिवशी ओळखलं मी," भावोजी म्हणाले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता आणि तेच मास्टरला सोसवेना. "घरी जाऊन परत यायचंच नाही असं ठरवलं होतं. पण तुम्ही त्याला बरोबर येऊ दिलंत. या रॉकेटने घोंगडी दिली. म्हटलं, बघू तरी, हा माणूस कधी बोलतोय का." मग जरा थांबून म्हणाले, "तुझ्या ताईला काही बोलू नकोस. तिने कुणाजवळ तरी मन मोकळं करायलाच हवं होतं."

मास्टरला वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं.

"आता खेळ पुढे ने. गिरणीवाल्याचं काय झालं?"

मास्टरने सांगितलं, त्याला हद्दपार केलं.

"मी हद्दीबाहेर, त्याच्या नव्या घरी जातो," भावोजी म्हणाले. "दार वाजवतो. तो दार उघडतो. बोल आता, तू गिरणीवाला आहेस." ते मास्टरच्या डोळ्यांत बघत होते. "मला आठवत होतं. सगळं आठवत होतं. मी भ्यालो."

मास्टरकडे गिरणीवाल्याचा आवाज होता, चांगला घोटलेला. पण म्हणायचं काय? क्षमा करतो म्हणायचं? चालता हो म्हणायचं? कुणाच्या वतीने म्हणायचं?

"मला माहीत नाही, भावोजी, तो काय म्हणेल."

"मलाही नाही," भावोजी म्हणाले आणि उठले. "विचारून येऊ. चल."

मास्टर म्हणाला, मी कशाला? पण ते दारापर्यंत पोचलेसुद्धा होते. तो मुकाट्याने निघाला. संध्याकाळची वेळ होती, दुकानं उघडी होती. भावोजी भरभर चालत होते आणि मास्टर मागे पडत होता.

फिटर एका जुन्या इमारतीत तळमजल्यावर राहायचा. नोकरी गेल्यापासून तो घरीच पंखे आणि मिक्सर दुरुस्त करायचा. त्याने दार उघडलं तेव्हा त्याच्या हातात स्क्रूड्रायव्हर होता. भावोजींना पाहून त्याचा चेहरा दगडासारखा झाला.

"मला आठवत होतं," भावोजी म्हणाले. "तेव्हाही आठवत होतं. उद्या वरच्या साहेबांना जाऊन सांगणार आहे. आधी तुला सांगायला आलो."

आत कुठेतरी दुरुस्तीला आलेला पंखा खडखडत फिरत होता. फिटरने मास्टरकडे बोट दाखवलं आणि विचारलं, हा कोण?

"माझा मेव्हणा," भावोजी म्हणाले. "याच्यामुळे आलो मी. माझ्यासाठी फार केलं याने, कुणी केलं नसतं एवढं."

त्यांनी हे टोमणा म्हणून म्हटलं असतं तर मास्टर तरला असता. पण ते मनापासून बोलत होते. फिटरने मास्टरला नीट न्याहाळलं. चांगल्या माणसाकडे बघावं तसं त्याने त्याच्याकडे बघितलं आणि तो दारातून बाजूला झाला.

"तुम्ही या आत," तो मास्टरला म्हणाला. भावोजींना तो काहीच म्हणाला नाही.

मी यांची टिंगल करत होतो, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. भावोजी उंबऱ्याबाहेर उभे होते, फिटर वाट बघत होता, आणि त्या दोघांमध्ये उभं राहून मास्टर गप्प राहिला. त्याने चपला काढल्या आणि मान खाली घालून तो आत गेला.